जुना गेम सुरू होतो, पण आवाज येत नाही. साउंड कार्ड बिघडले की आकडे चुकले?

माळ्यावरचा नव्वदच्या दशकातील संगणक खाली उतरवला, धूळ झटकली आणि तो चक्क सुरू झाला. ‘डूम’ किंवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पडद्यावर आला, पण आवाजाचा पत्ता नाही. अशा वेळी साउंड कार्ड ‘गेले’ असे समजून ते भंगारात टाकले जाते. प्रत्यक्षात अनेकदा कार्ड ठणठणीत असते. फक्त गेमला सांगितलेले आकडे आणि कार्डावरचे आकडे जुळत नसतात. हे आकडे कोणते आणि ते कसे तपासायचे, हे जाणून घेऊ.

आजच्या संगणकात ही अडचण का येत नाही?

आजचा गेम थेट साउंड कार्डाशी बोलत नाही. तो विंडोजला सांगतो, विंडोज ड्रायव्हरला सांगते आणि ड्रायव्हर आवाज काढतो. डॉसमध्ये असा मध्यस्थ नव्हता. गेम स्वतःच कार्डाला हुकूम सोडत असे. त्यामुळे संगणकात कोणते कार्ड आहे आणि ते कुठे सापडेल, हे गेमला आधी सांगावे लागे. त्यासाठीच बहुतेक गेमसोबत ‘सेटअप’ नावाचा छोटा प्रोग्राम येत असे.

संगीत आणि गोळीबाराचा आवाज वेगळा का?

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये फक्त एक लहान स्पीकर होता. तो एका वेळी एकच सूर काढू शकत असे. १९८७ मध्ये कॅनडातील अॅडलिब कंपनीचे कार्ड आले. त्यातील यामाहाची चिप एकाच वेळी नऊ सूर वाजवत असे, पण माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवण्याची सोय त्यात नव्हती. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. त्यात अॅडलिबसारखे संगीत होतेच, शिवाय रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा स्वतंत्र भागही होता.

म्हणजे एकाच कार्डात आवाजाच्या दोन वाटा होत्या. दोष शोधताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : दोन्ही आवाज बंद आहेत की एकच? संगीत वाजते, पण गोळीबार किंवा बोलणे ऐकू येत नाही, असे असेल तर कार्ड जिवंत आहे. मग संशय आकड्यांवर घ्यावा.

हे तीन आकडे कोणते?

पहिला पत्ता, म्हणजे कार्डाचा घर क्रमांक. साउंड ब्लास्टरसाठी तो बहुधा २२० असतो. दुसरा आयआरक्यू. ही जणू दारावरची बेल. आवाजाचा एक तुकडा वाजून झाला की कार्ड ही बेल वाजवून पुढचा तुकडा मागते. हा आकडा साधारणपणे ५ किंवा ७ असतो. तिसरा डीएमए, म्हणजे मेमरीतून कार्डापर्यंत आवाज वाहून नेणारी वाट. ती बहुधा १ असते.

कोणता आकडा चुकला, हे लक्षणांवरून ओळखता येते. पत्ता चुकला तर गेमला कार्ड सापडतच नाही. आयआरक्यू चुकला तर आवाजाचा पहिला तुकडा वाजून थांबतो, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो किंवा गेम अडकतो. डीएमए चुकला तर शांतता पसरते किंवा नुसती खरखर ऐकू येते. अॅडलिब पद्धतीच्या संगीताला आयआरक्यू आणि डीएमए लागत नाहीत. म्हणूनच आकडे चुकले तरी ते वाजत राहते.

७ क्रमांकाची बेल परंपरेने प्रिंटर पोर्टचीही असते. दोघांनी एकच बेल धरली की घोळ होऊ शकतो. त्यामुळे नंतरच्या काळात कार्डासाठी ५ हा आकडा रूढ झाला.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

१. स्पीकरची पिन योग्य जागी आहे का, हे पाहा. माइक आणि स्पीकरची छिद्रे शेजारी-शेजारी असतात. काही जुन्या कार्डांवर आवाज कमी-जास्त करण्याचे चाक असते, तेही फिरवून पाहा.

२. डॉसमध्ये ‘सेट’ ही आज्ञा द्या. ‘ब्लास्टर’ने सुरू होणारी ओळ दिसली पाहिजे. त्यातील ए२२० म्हणजे पत्ता, आय५ म्हणजे आयआरक्यू आणि डी१ म्हणजे डीएमए. ही ओळ ‘ऑटोएक्झेक’ फाइलमध्ये लिहिलेली असते.

३. गेमचा ‘सेटअप’ उघडून तेच आकडे भरा. कार्डाचे नाव ओळखता येत नसेल तर साधे ‘साउंड ब्लास्टर’ निवडून पाहा.

४. जुन्या कार्डांवर हे आकडे जंपरने, म्हणजे पिनांवर बसवलेल्या छोट्या टोप्यांनी ठरतात. त्या बदलण्याआधी वीजपुरवठा पूर्ण बंद करा. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका. बंद केल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

५. नंतरच्या ‘प्लग अँड प्ले’ कार्डांना जंपर नसतात. डॉस सुरू होताना कार्ड जागे करणारा कंपनीचा प्रोग्राम चालवला नाही, तर ते गप्पच राहते.

आकडे बरोबर, तरी संगीत नाही?

१९९६ च्या ‘क्वेक’मध्ये संगीत सीडीच्या ऑडिओ ट्रॅकवर होते. त्या काळच्या संगणकात सीडी ड्राइव्हपासून साउंड कार्डापर्यंत एक बारीक वायर जोडावी लागे. ती निघाली असेल तर बंदुका वाजतात, संगीत वाजत नाही. वाद्ये भलतीच वाजत असतील तर कारण वेगळे असते. रोलँड एमटी-३२ या यंत्रासाठी रचलेले संगीत नंतरच्या ‘जनरल मिडी’ यंत्रावर वाजवले, तर वाद्यांचे क्रमांक जुळत नाहीत आणि एका वाद्याच्या जागी दुसरेच ऐकू येते.

जुना संगणकच नसेल तर?

‘डॉसबॉक्स’ हा मोफत प्रोग्राम आजच्या संगणकावर डॉस आणि साउंड ब्लास्टरची नक्कल करतो. मात्र त्यातही आकडे तेच असतात. मूळ सेटिंगमध्ये आयआरक्यू ७ असतो. गेमच्या सेटअपमध्ये ५ निवडला तर तिथेही तोच घोळ होतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

जुनी साउंड कार्डे ज्या आयएसए स्लॉटमध्ये बसतात, तो नव्या मदरबोर्डवरून कधीच गेला. चालू कार्ड भंगारात गेले की त्याच्या जागी तसेच दुसरे मिळवणे सोपे नाही. शिवाय आवाज हा त्या कलाकृतीचाच भाग आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे संगीत गेमचे निर्माते जॉर्डन मेकनर यांचे वडील फ्रान्सिस मेकनर यांनी रचले होते. साउंड कार्ड नसलेल्या संगणकावर ज्यांनी तो खेळला, त्यांना त्या संगीताचा फक्त सांगाडा ऐकायला मिळाला. म्हणून कार्ड काढून फेकण्याआधी एकदा सेटअप उघडावा आणि ७ च्या जागी ५ करून पाहावा. अनेकदा तेवढेच पुरते.