श्रीलंकेला बुद्धदर्शनाला निघालात? पासपोर्ट, पैसा, टॅटू आणि खर्रा – आधी एवढं वाचून घ्या

भंडारा : धानाची चुरणी आटोपली, चुकारे खात्यात पडले की आपल्या जिल्ह्यात सहलींच्या गोष्टी सुरू होतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर पाहून झालेल्या मंडळींच्या तोंडी आता श्रीलंकेचं नाव येतं. सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र आणि मुलगी संघमित्रा धम्म घेऊन जिथं गेले, तो हा देश. मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५४ ला, त्यांनी आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. तेव्हा पवनीचे स्तूप पाहत मोठ्या झालेल्या माणसाला अनुराधपूरची ओढ वाटली तर नवल नाही.

पण हा परदेश आहे. तिथं जाण्यात अडचण येते ती बहुतेक वेळा कागदाची.

नावात घोळ, तर प्रवासात घोळ

आधारवर 'शेवंताबाई', पॅनवर 'शेवंता' आणि शाळेच्या टीसीवर माहेरचं आडनाव. आपल्याकडच्या अर्ध्याअधिक बायांचे कागद असेच असतात. पासपोर्टचा फॉर्म भरण्याआधी आधारवरचं नाव आणि जन्मतारीख नीट करून घ्या, मगच पुढं जा. उलटं केलं तर तारीख घेऊन नागपूरला जायचं आणि फाइल अडकून परत यायचं, असे दोन-तीन हेलपाटे होतात.

मोठ्या माणसाच्या ३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १५०० रुपये आहे, तत्काळला २००० जास्त. साठी ओलांडलेल्यांना साध्या अर्जात १० टक्के सूट मिळते. फॉर्म 'पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन' याच साइटवर भरायचा. नावाशी नाव जुळवलेल्या बनावट साइट आहेत, म्हणून पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहूनच पैसे भरा. नंतर पोलीस पडताळणी होते. त्या दिवसांत मोबाइल चालू ठेवा, नाहीतर "घरी आढळले नाही" असा शेरा जातो. जुना पासपोर्ट असेल तर प्रवासाच्या तारखेपासून पुढं निदान सहा महिने मुदत हवी.

दुसरा कागद म्हणजे ईटीए, म्हणजे श्रीलंकेची ऑनलाइन प्रवेश परवानगी. ती पर्यटनासाठी साधारण ३० दिवसांची मिळते. तिची सरकारी साइट 'ईटीए डॉट जीओव्ही डॉट एलके'. फी आणि सवलतीचे नियम गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा बदलले आहेत, म्हणून शेजाऱ्याने मागच्या साली काय भरलं ते धरून चालू नका. त्यात पासपोर्ट नंबरचा एक आकडा चुकला तरी विमानतळावर खोळंबा होतो. एजंटने काढून दिली असेल तर प्रिंट हातात घ्या आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा.

एजंटबद्दल आणखी एक गोष्ट. चांगले एजंट आहेत, त्यांच्यामुळेच म्हाताऱ्या माणसांचा प्रवास सोपा होतो. पण पासपोर्ट महिनोन्‌महिने त्याच्या कपाटात ठेवू नका. पैसे रोख देऊ नका, खात्यावर टाका आणि पावती घ्या. पूर्ण रक्कम देण्याआधी विमानाच्या तिकिटाचा पीएनआर मागा आणि विमान कंपनीच्या साइटवर स्वतः तपासा. "तिकडं गेल्यावर कामही लावून देतो" असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठून या. पर्यटनाच्या परवानगीवर नोकरी करता येत नाही. पकडलं गेलं तर भोगतो तो आपला पोरगा, एजंट नाही.

जायचं कसं, कधी

नागपूरहून मुंबई किंवा चेन्नई गाठायची आणि तिथून कोलंबो. पैसा वाचवायचा असेल तर चेन्नईपर्यंत रेल्वेने जा, पुढचं विमान दीड तासाच्या आतलं आहे. फक्त रेल्वे आणि विमान यांच्यात एक दिवस मोकळा ठेवा. गाडी उशिरा आली म्हणून विमान थांबत नसते. कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, कटुनायके इथं सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथून कँडी तीन-चार तास, अनुराधपूर चार-पाच तास. घड्याळ मात्र बदलावं लागत नाही, वेळ एकच आहे.

जानेवारी ते मार्च हे महिने आपल्यालाही सोयीचे आणि तिथंही बरे. मे ते सप्टेंबर कोलंबो-कँडीकडं पाऊस, तर ऑक्टोबर ते डिसेंबर अनुराधपूरकडं. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस दित्वा चक्रीवादळाने तिथं पूर आणि दरडींनी मोठी हानी केली. त्या महिन्यांत जायचंच असेल तर निघण्याआधी हवामानाची बातमी पाहा.

रुपया तिथंही, पण वेगळा

तिथल्या पैशालाही रुपयाच म्हणतात. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन मिळतात, दर रोज थोडा हलतो. म्हणजे टुकटुकवाल्याने "हजार" सांगितले तर आपले तीनशेच्या आत झाले. गडबडीत गांधीजींच्या दोन पाचशेच्या नोटा दिल्या, की तिप्पट गेले. कोलंबो-कँडीत 'पिकमी' ॲपवर टुकटुकचं भाडं आधीच दिसतं, त्यावरून अंदाज घ्या. भारतातून जाताना माणशी २५ हजारांपर्यंतच भारतीय नोटा नेता येतात. १२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथं आपलं यूपीआयही सुरू झालं आहे, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय पेमेंट आधी चालू करावं लागतं आणि प्रत्येक दुकानात ते चालेलच असं नाही. मोबाइलचं डेटा रोमिंग विमानात बसतानाच बंद करा आणि तिथलं सिम कटुनायके विमानतळावरच घ्या.

प्रेक्षणीय स्थळांवर परदेशी माणसांचं तिकीट महाग असते. सार्क देशांतल्या लोकांना काही ठिकाणी कमी दर लागतो, त्यासाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो. कोणी आपणहून सांगत नाही, विचारा.

विहारात हे चालत नाही

इथं आपली माणसं नकळत चुकतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं तिथं अपमान समजतात. मूर्तीकडे तोंड करून उभे राहा, फोटो बाजूने काढा. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश महिलेला विमानतळावरूनच ताब्यात घेऊन देशाबाहेर पाठवलं होतं. आपल्या पोरांनी तो श्रद्धेने काढलेला असतो हे खरं, पण तिथल्या अधिकाऱ्याला ते कसं समजावणार?

कपडे शक्यतो पांढरे, खांदे आणि गुडघे झाकलेले. चपला, टोपी बाहेर. दुपारी फरशी अशी तापते की पाय भाजतात, म्हणून मोजे सोबत ठेवा. कँडीच्या दंतधातू मंदिरावर १९९८ मध्ये बॉम्बहल्ला झाला होता, तेव्हापासून तपासणी कडक आहे. हाताशी वेळ राखून जा. तिथं प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे 'पोया'ला, सरकारी सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. त्या दिवशी विहारं पाहण्यासारखी, पण गर्दीही तेवढीच.

जेवणाची चिंता करू नका, भात तीनदा मिळेल. सिंहलीत भाताला 'बत'च म्हणतात. नारळ आणि तिखट भरपूर. मात्र शाकाहाऱ्यांनी प्रत्येक वेळी विचारावं, कारण भाजीतसुद्धा सुक्या मासळीचा चुरा, 'उंबलकड', टाकतात. अनुराधपूरचे तलाव पाहिले की आपल्या मालगुजारी तलावांची आठवण येतेच. त्यातले काही दोन हजार वर्षांहून जुने आहेत आणि अजून शेतीला पाणी देतात.

खर्रा घरीच ठेवा. सुगंधी चघळायच्या तंबाखूवर तिथं २०१६ पासून बंदी आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत घ्या, मोठ्या बॅगेत नको. तब्येत बिघडली तर १९९० हा मोफत रुग्णवाहिकेचा नंबर आहे, ही सेवा भारताच्या मदतीनेच उभी राहिली. पोलीस ११९, पर्यटकांसाठी १९१२.

आणि एक, अनुराधपूरहून बोधिवृक्षाचं रोप आणायचं पुष्कळांच्या मनात असते. परवान्याशिवाय कोणतंही रोप भारतात आणता येत नाही, विमानतळावर ते जप्त होते. बाहेर दुकानात कोणी रोप देऊ केलं तर पैसे घालवू नका.