खुब्याचा अस्थिभंग : निदान, उपचार आणि नोंद

पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात किंवा ओल्या न्हाणीघरात वृद्ध माणसाचा पाय घसरणे ही घटना वरकरणी किरकोळ वाटते. मुका मार लागला असावा, शेकले की बरे होईल, अशी घरच्यांची समजूत होते आणि तेल चोळण्यात मोलाचे दोन-चार दिवस निघून जातात. वस्तुतः वयस्क व्यक्ती पडल्यावर उभी राहू शकत नसेल, जांघेत तीव्र कळ येत असेल आणि एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूस वळलेला दिसत असेल, तर खुब्यापाशी मांडीचे हाड मोडले आहे असेच समजून चालावे. रुग्णास चालवून पाहू नये. आहे त्याच स्थितीत आधार देऊन १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. क्वचित हाडाची टोके एकमेकांत रुतून बसतात व रुग्ण लंगडत का होईना चालतो. अशा वेळी क्ष-किरण चित्रातही भंग न दिसण्याचा संभव असतो; दुखणे कायम राहिल्यास एमआरआय अथवा सीटी स्कॅन करावे लागते.

भंग नेमका कोठे झाला, यावर उपचार अवलंबून असतात. मांडीच्या हाडाच्या गोलकास होणारा रक्तपुरवठा मुख्यतः त्याच्या मानेवरून जातो. मान मोडून हाड सरकले की तो तुटतो आणि गोलक निर्जीव होण्याची भीती असते. म्हणून वृद्धांच्या बाबतीत बहुधा कृत्रिम गोलक किंवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसवितात. हाड सरकले नसेल तर स्क्रू पुरतात. मानेच्या खालच्या भागात रक्तपुरवठा चांगला असल्याने तेथे पट्टी व स्क्रू किंवा हाडाच्या पोकळीतील सळई वापरून हाड जुळविता येते.

‘या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ असा प्रश्न कुटुंबीय हमखास विचारतात. तो काळजीपोटी असला तरी उलट दिशेचा आहे. अंथरुणास खिळलेल्या वृद्धास शय्याव्रण, न्यूमोनिया व पायातील रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका शस्त्रक्रियेहून मोठा असतो. म्हणूनच प्रकृती स्थिर असल्यास ती एक-दोन दिवसांत करून रुग्णास लगेच उभे करण्यावर भर दिला जातो.

या आजाराची कागदोपत्री नोंद हा दुर्लक्षित भाग होय. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मानेच्या भंगास एस ७२.०, त्याखालील उंचवट्यांजवळील भंगास एस ७२.१ आणि त्याच्याही खालच्या भंगास एस ७२.२ असे संकेतांक आहेत. ‘खुबा मोडला’ एवढेच लिहिल्यास संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्यास योग्य निवड करता येत नाही. कोणती बाजू हेही केसपेपरवर स्पष्ट हवे. भंगाबरोबर त्याचे कारणही नोंदवायचे असते. सपाट जागी घसरून वा अडखळून पडल्यास डब्ल्यू ०१, बिछान्यावरून पडल्यास डब्ल्यू ०६.

मृत्यूच्या दाखल्यात तर याचे महत्त्व अधिकच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ व घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ भरला जातो. न्यूमोनियाने मृत्यू आला, पण त्याची सुरुवात न्हाणीघरातील पडण्याने झाली असेल, तर ती साखळी क्रमाने लिहिली पाहिजे. केवळ ‘वार्धक्य’ लिहिले की पडणे नोंदीतून पुसले जाते. केवळ ‘अस्थिभंग’ लिहिले तर मृत्यूचे कारण एक्स ५९.०, म्हणजे अनिर्दिष्ट, या सदरात जमा होते.