थरच्या वाळूतील जरबिल

थरच्या वाळवंटातील बहुतेक कृंतक रात्रिंचर. तांबूस-करड्या रंगाचा वाळवंटी जरबिल मात्र दिनचर आहे. उन्हाळ्यात तो सकाळ-संध्याकाळी चरतो, भर दुपारी बिळातील गार, दमट हवेचा आश्रय घेतो. हिवाळ्यात हा क्रम उलटतो. पाणी न पिताही तो जगतो : बिया, पाने, कीटक यांतून लाभणारा ओलावा तो अत्यंत घट्ट मूत्र विसर्जून राखतो. शेतकरी त्याला शत्रू मानतो, आणि ते अकारण नव्हे. परंतु त्याला खरे हटविले ते पाण्याने. १९५८ मध्ये आरंभिलेल्या व १९८५ पासून इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्याने जिथली वाळू भिजवली, तिथे जरबिल विरळ झाला आणि ओल्या मातीत बिळे करणारी आखूड शेपटीची घूस पसरली.