अर्ध्या दिवसाची दिल्ली

परके शहर पाहण्यासाठी प्रवाशाच्या हाती पुष्कळदा अर्धाच दिवस असतो. कुणाची रात्रीची गाडी असते, कुणाचे कचेरीतील काम दुपारी आटोपते, तर कुणी लग्नकार्यासाठी आलेला असून त्याला एकच सकाळ मोकळी मिळालेली असते. अशा माणसासाठी जगातील बहुतेक मोठ्या शहरांत एक सोय झालेली आहे. एक जाणता मार्गदर्शक, हाताशी एखादे वाहन आणि चार-पाच तासांचा अवधी! अनोळखी प्रवाशांचा जथा बरोबर नाही, शिट्टी वाजली की पळत सुटण्याची घाई नाही. या खासगी सहलीचा उपयोग कसा करून घ्यावा, तिच्याकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचा थोडा विचार आज करू. उदाहरण घेऊ दिल्लीचे, आणि आपण निघू यमुनेच्या पूर्वतीरावरील मयूर विहार या वसाहतीतून.

पण त्याआधी क्षणभर दूर चीनकडे पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. जुन्या पुस्तकांत ज्याला पेकिंग म्हटले आहे, ते बीजिंग शहर अर्ध्या दिवसात पाहावयाचे म्हटले, तर मार्गदर्शकाचे काम शहराच्या रचनेनेच निम्मे करून ठेवलेले असते. उत्तर-दक्षिण धावणारा एक अक्ष, जवळजवळ पावणेआठ किलोमीटर लांबीचा, त्या शहराचा कणा आहे. 2024 साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मिंग सम्राट युंगलो याने 1406 ते 1420 या काळात बांधविलेला राजवाडा याच अक्षावर उभा आहे. प्रवाशाने दक्षिणेच्या दरवाजाने आत शिरावे, एकामागून एक चौक आणि महाल ओलांडावेत, उत्तरेच्या दाराने बाहेर पडावे आणि समोरच्या चिंगशान टेकडीवर चढून मागे वळून पाहावे. ती टेकडी राजवाड्याभोवतीचा खंदक खणताना निघालेल्या मातीची. तिच्याच पायथ्याशी 1644 साली शेवटच्या मिंग सम्राटाने गळफास लावून घेतला, असे सांगतात. एका घराण्याचे वैभव आणि शेवट असा एका सरळ रेषेत, अर्ध्या दिवसात, पायी पाहता येतो.

दिल्लीला असा कणा नाही. ती एक नगरी नव्हे. अनेक नगरींचा तो समुदाय आहे. लालकोट, सिरी, तुघलकाबाद, जहाँपनाह, फिरोजाबाद, दीनपनाह, शाहजहानाबाद आणि शेवटी इंग्रजांची नवी दिल्ली. प्रत्येक सत्ताधीशाने जुने गाव सोडून शेजारी नवे वसविले. त्यामुळे अर्ध्या दिवसात सारी दिल्ली दाखवितो असे जो म्हणतो, तो प्रवाशाला मोटारीच्या खिडकीतून केवळ घुमट आणि कमानी दाखवितो. कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट, लाल किल्ल्याची बाहेरची भिंत. संध्याकाळपर्यंत या सर्वांची सरमिसळ होते आणि हाती छायाचित्रांखेरीज काही उरत नाही. म्हणून दिल्लीपुरता तरी नियम असा करावा की, स्थळांची यादी घेऊन निघू नये. एक प्रश्न घेऊन निघावे.

मराठी माणसाने कोणता प्रश्न घ्यावा? दिल्ली आणि मराठे यांचा संबंध शाळेतील पुस्तकांमुळे आपणांस ठाऊक असतो. 1737 साली पहिला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर येऊन ठाकला. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडला, आणि त्यानंतर सुमारे वर्षभराने पानिपत झाले. 1772 मध्ये महादजी शिंदे यांनी शाह आलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर पुन्हा बसविले. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. परंतु दिल्ली आपल्या हातातून गेली कोठे आणि कशी, हे विचारले तर पुष्कळजण गप्प होतात. अर्ध्या दिवसासाठी हाच प्रश्न घ्यावा. त्याचे एक टोक मयूर विहाराच्या कुशीत आहे आणि दुसरे नदीपलीकडे लाल किल्ल्यात.

मयूर विहारात पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारील. वरवर पाहता काहीच नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेल्या सदनिका, सहकारी गृहसंस्थांच्या उंच इमारती, भाजीबाजार, शाळा, उद्याने. अशी ही तीन टप्प्यांत वाढलेली मध्यमवर्गीयांची वस्ती आहे. 2009 च्या नोव्हेंबरात येथे मेट्रो आली आणि नदीपलीकडची दिल्ली जवळ झाली. पण पहिल्या टप्प्याला लागूनच पटपडगंज नावाचे जुने गाव आहे. ‘पटपर’ म्हणजे सपाट, उजाड जमीन आणि ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ. याच गावाच्या परिसरात 11 सप्टेंबर 1803 रोजी जी लढाई झाली, तिला इतिहासात दिल्लीची लढाई म्हणतात. त्या सपाट मैदानावर आता घरे उभी आहेत. मार्गदर्शकाची खरी परीक्षा येथे होते. कारण समोर बोट दाखविण्याजोगे काहीही नसताना त्याला दाखवायचे असते.

तेव्हा महादजी हयात नव्हते. त्यांचे वारस दौलतराव दक्षिणेत गुंतलेले होते आणि उत्तरेचा कारभार पेराँ या फ्रेंच सेनापतीकडे होता. 4 सप्टेंबरला इंग्रज सेनापती जेरार्ड लेक याने अलीगढचा किल्ला घेतला, आणि त्यानंतर पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला निघून गेला. दिल्लीपुढच्या फौजेचे आधिपत्य लुई बुर्क्वाँ या दुसऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याकडे आले. त्याने उंचवट्यावर तोफा मांडल्या. दोन्ही बगलांना दलदल होती, म्हणजे बाजूने हल्ला होण्याची भीती नव्हती. लेकची फौज दूरची मजल मारून, उन्हाने शिणून हिंडण नदीच्या परिसरात पोचली आणि तंबू ठोकते न ठोकते तोच शिंद्यांचे सैन्य समोर असल्याची वार्ता आली. लेक केवळ घोडदळ घेऊन पुढे गेला, तेव्हा तोफांच्या माऱ्याने त्याला जागच्या जागी खिळवून ठेवले. तेथे त्याने एक हिकमत केली. घोडदळाला माघार घेण्याची आज्ञा दिली. इंग्रज पळत आहेत असे समजून शिंद्यांचे सैनिक आपली बळकट जागा सोडून पाठलागास निघाले. मागून इंग्रजांचे पायदळ येतच होते. घोडेस्वारांनी दुभंगून त्याला वाट दिली आणि संगिनींच्या हल्ल्याने लढाईचे पारडे फिरले. लेकजवळ साडेचार हजारांच्या आसपास माणसे होती. शिंद्यांचे बळ त्याच्या कित्येक पट होते. बुर्क्वाँ रणांगणातून निसटला आणि पुढे थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या स्वाधीन झाला. गोलंदाज मात्र तोफांपाशी झुंजत राहिले.

येथे चांगला मार्गदर्शक आणखी एक गोष्ट सांगेल, आणि ती ऐकून आपण रागावू नये. शिंद्यांच्या त्या कवायती पलटणींत दख्खनचे लोक थोडे होते. बहुतेक शिपाई हिंदुस्थानी, अवध आणि आसपासच्या प्रांतांतले. इंग्रजांच्या बाजूला गोऱ्या पायदळाची एकच पलटण होती. बाकीचे पायदळ म्हणजे बंगाल फौजेतील देशी शिपाई, तेही बव्हंशी त्याच मुलखातले. म्हणजे ज्या लढाईने मराठ्यांची दिल्ली गेली, तिच्यात दोन्हीकडून एकाच प्रदेशाची माणसे मरत होती, आणि दोन्हीकडे हुकूम युरोपियनांचे होते. पराभवाचे कारण शिपायांच्या भ्याडपणात नाही. ज्यांच्या हाती फौज सोपविली होती, त्यांची निष्ठा पगारापुरती होती, यात आहे.

या लढाईची खूण म्हणून जे काही उभे आहे, ते विजेत्यांनी उभारलेले आहे. मयूर विहारापासून मेट्रोनेच दिल्लीची हद्द ओलांडून नोएडात जावे. 1976 साली स्थापन झालेले हे शहर उत्तर प्रदेशात मोडते. तेथे अडतिसाव्या सेक्टरमध्ये गोल्फचे मैदान आहे आणि त्या मैदानाच्या आत, हिरवळीवर, एक दगडी स्तंभ उभा आहे. या स्थळाजवळ लेकने बुर्क्वाँच्या हाताखालील मराठी फौजेचा पराभव केला, अशा आशयाचा इंग्रजी लेख त्यावर कोरलेला आहे. पडलेल्या शिपायांपैकी कुणाचेही नाव त्यात नाही. मैदान सर्वांसाठी खुले नसल्यामुळे आगाऊ परवानगी मागावी लागते, आणि हे काम मार्गदर्शकावर आधीच सोपवावे.

तेथून निळ्या मार्गाची मेट्रो पकडून परत फिरावे. गाडी मयूर विहार मागे टाकून यमुना ओलांडते, तेव्हा पुलावरून नदीकडे नीट पाहावे. उन्हाळ्यात ती रोडावलेली असते, परंतु पावसाळ्यात तिने इतिहास घडविला आहे. 1760 च्या पावसाळ्यात दिल्ली मराठ्यांच्या ताब्यात होती आणि अब्दाली पलीकडच्या तीरावर अडकून पडला होता. ऑक्टोबरात त्याने बागपतजवळ नदी पार केली, आणि मराठ्यांची परतीची वाट बंद झाली. 1803 साली लेकलाही हीच नदी ओलांडावी लागली. पण पूर्वतीरावरची लढाई जिंकल्यावर पलीकडे त्याला अडविणारे कुणी उरले नव्हते.

मंडी हाऊस स्थानकावर गाडी बदलली की जांभळा मार्ग थेट लाल किल्ल्याशी नेऊन सोडतो. शाहजहानने 1639 ते 1648 या काळात बांधलेला हा किल्ला सगळा पाहण्याचा हट्ट धरू नये. छत्ता चौकाच्या झाकल्या बाजारातून, नौबतखान्याखालून, दिवाण-ए-आम ओलांडून सरळ दिवाण-ए-खासपुढे जाऊन थांबावे. या संगमरवरी दालनाचे छत एके काळी रुपेरी होते. 1760 साली सदाशिवरावभाऊंच्या फौजेला पगाराची आणि दाण्यावैरणीची ददात पडली, तेव्हा त्यांनी ती चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. आज दिसते ते छत लाकडी, रंगविलेले आहे. मराठी पाहुण्याची मर्जी राखण्यासाठी हा भाग गाळणारा मार्गदर्शक गोड बोलणारा असेल, पण कामाचा नव्हे. पोटाला नसलेल्या फौजेचा सेनापती काय करतो, हे त्या छताखाली उभे राहिल्यावर जसे कळते, तसे ग्रंथ वाचून कळत नाही.

याच राजवाड्यात 1788 मध्ये गुलाम कादिराने शाह आलमचे डोळे काढले. महादजींच्या सैन्याने दिल्ली परत घेऊन त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसविले. पुढची पंधरा वर्षे त्याचे रक्षण आणि त्याच्यावरचा पहारा ही दोन्ही कामे शिंद्यांकडे होती. 16 सप्टेंबर 1803 रोजी, पटपडगंजाच्या लढाईनंतर पाचव्या दिवशी, लेक त्याच्या भेटीस आला. इंग्रज लेखकांनी त्या प्रसंगाचे वर्णन करताना फाटक्या छत्राखाली बसलेला वृद्ध, दृष्टिहीन सम्राट रंगविला आहे. त्यानंतर सातच दिवसांनी, 23 सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजा वेलस्लीपुढे हरल्या. आणि 30 डिसेंबरला वऱ्हाडातील सुर्जी अंजनगावच्या तहाने दौलतरावांनी दिल्लीवरचा अधिकार सोडला. अमरावती जिल्ह्यातील त्या गावाचे नाव दिल्लीत मार्गदर्शकाच्या तोंडून निघाले, तर त्याला त्याचा विषय येतो असे खुशाल समजावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेले मार्गदर्शक असतात. ओळखपत्र पाहूनच बोलणे करावे. चीनमध्येही मार्गदर्शकाला राष्ट्रीय परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मेहनताना, तास आणि स्थळे आधी ठरवावीत. वाटेत दुकानांत नेऊ नये, हे स्पष्ट सांगावे; दलालीच्या लोभाने सहलीचा एक तास गालिच्यांच्या दुकानात जातो, हा सर्व देशांतला अनुभव आहे. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. बीजिंगचा राजवाडाही सोमवारीच बंद असतो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा आणि सकाळी लवकर निघावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपला प्रश्न मार्गदर्शकाला दोन दिवस आधी कळवावा. ठरावीक वाटेने रोज जाणाऱ्या माणसाला नवी वाट आखायला वेळ लागतो. आणि पटपडगंज कुणाच्याही ठरावीक वाटेवर नाही.

खासगी सहलीचे मोल आहे ते याच कारणासाठी. मोठ्या जथ्याला घेऊन जाणारी गाडी जेथे उभे राहायला जागा आहे, तिकीट आहे आणि घुमट आहे, तेथेच थांबणार. मयूर विहारच्या रस्त्यावर ती कशासाठी थांबेल? तेथे थांबण्याचा हक्क ज्याने स्वतः प्रश्न विचारला आहे, त्यालाच मिळतो. आपण तो विचारला नाही, तर तिथल्या दगडावर कोरलेली विजेत्याची दोन वाक्ये एवढीच त्या मैदानाची आठवण उरेल, आणि दोन्हीकडून पडलेल्या त्या शिपायांना ती पुरेशी नाही.