बांधावरची फेरी : पिकासाठी आणि प्रकृतीसाठी

‘शेतकऱ्याला वेगळा व्यायाम कशाला हवा?’ हा प्रश्न शेतीशाळांमध्ये अनेकदा विचारला जातो. एके काळी तो रास्त होता. आता नांगरट, पेरणी व मळणी यंत्राने होते, शिवारात जाणे-येणे मोटारसायकलवर होते आणि विहिरीवरील पंप मोबाइलवरून सुरू करता येतो. अंगमेहनत उरली आहे ती बहुतांशी हंगामापुरती. मधले महिने बैठे जातात.

याचे परिणाम आकडेवारीत दिसतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ग्रामीण भागातील ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण शहरांत १५.४ टक्के, तर खेड्यांत १५.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच आहे. आहार व आनुवंशिकतेबरोबरच हालचालींचा अभाव हे यामागील एक प्रमुख कारण आहे.

कामाचे स्वरूप प्रकृतीवर कसा परिणाम करते, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांच्या तुलनेत, जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयरोगाचे प्रमाण कमी आढळले. बस एकच, फरक हालचालींचा. ट्रॅक्टरच्या आसनावर बसलेल्या शेतकऱ्यालाही हे उदाहरण लागू पडते.

व्यायामाची साठवणूक मात्र होत नाही. काम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि त्यामुळे इन्सुलिनची परिणामकारकताही वाढते. परंतु हा लाभ साधारणपणे एक-दोन दिवसच टिकतो. काढणीच्या महिन्यातील कष्ट पुढील चार महिन्यांना पुरत नाहीत, ते याच कारणाने. कीड व्यवस्थापनाचा नियमही असाच आहे : उशिरा केलेल्या एका जोरदार फवारणीपेक्षा नियमित निरीक्षण अधिक उपयोगी ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांची आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामांची शिफारस केली. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग म्हणजे मध्यम श्रम. ही मिनिटे दिवसभरात थोडी थोडी करूनही पूर्ण करता येतात आणि शेतातील कामही त्यांत मोजले जाते.

हे उद्दिष्ट पीक निरीक्षणाला जोडता येते. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावतात. सलग तीन दिवस प्रतिसापळा रोज सरासरी ८ पतंग आढळल्यास उपाययोजना आवश्यक ठरते. अर्थात, सापळ्यांची नोंद रोज घ्यावी लागते. चौरस आकाराच्या एक हेक्टर शेताचा बांध ४०० मीटर भरतो; भरभर चालत सहा फेऱ्या मारल्यास सुमारे अर्ध्या तासात २.४ किलोमीटर अंतर होते. झाडाजवळ थांबून पाने व बोंडे तपासण्याचा वेळ यात धरू नये, कारण त्या वेळी गती मंदावते. शेत दूर असेल, तर पायी जाणे-येणेच पुरेसे ठरेल.

फेरी सकाळी लवकर, बंद बूट घालून मारावी. फवारणीनंतर लगेच त्या शेतात जाऊ नये. मधुमेहींनी पायांना जखम नाही ना, हे रोज पाहावे. छातीत दुखणे वा अकारण धाप लागणे असा त्रास असल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी निरीक्षण वहीत पतंगांच्या संख्येशेजारी ‘चाललेली मिनिटे’ असा एक रकाना वाढवावा. पीक निघाल्यावर सापळे उतरवले जातील. तो रकाना मात्र पुढील पेरणीपर्यंत भरत राहिला पाहिजे.