खाऱ्या हवेतली सीएनसी: होम आणि लिमिट स्विचची निवड

हौसेने घरी बांधलेल्या सीएनसी मिलिंग मशीनला टूल नेमके कुठे आहे हे कळत नाही. स्टेपर मोटरला किती पावले टाकायला सांगितली, एवढाच हिशेब कंट्रोलर ठेवतो आणि वीज गेली की तो पुसला जातो. होम स्विच लागतो तो यासाठी. मशीन सुरू झाल्यावर आधी झेड अक्ष वर जातो, मग एक्स आणि वाय आपापल्या स्विचला भिडतात, थोडे मागे सरून पुन्हा सावकाश टेकतात, आणि तिथून मोजणी नव्याने सुरू होते. कोकण किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनमध्ये पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर ती तालुक्यात कित्येक दिवस नव्हती. सागवानावरचे अर्धवट राहिलेले कोरीवकाम त्याच रेषेवरून पुढे न्यायचे, तर होम स्विच हवाच.

लिमिट स्विचचे काम मशीनला वाचवण्याचे. अक्ष टोकाला जाऊन आदळण्याआधी तो मोटर थांबवतो. ग्रबलसारख्या कंट्रोलरमध्ये असा अचानक थांबा आला की आधीच्या मोजणीवर विसंबता येत नाही, पुन्हा होमिंग करावे लागते. छोट्या मशीनवर एकच स्विच दोन्ही कामे करू शकतो, आणि दुसऱ्या टोकाची राखण सॉफ्ट लिमिटवर, म्हणजे कंट्रोलरमध्ये आखून दिलेल्या मर्यादेवर, सोपवता येते. सुरुवातीला तीन स्विच पुरतात.

किनाऱ्यावर खरा प्रश्न खाऱ्या, दमट हवेचा आहे. साध्या मायक्रोस्विचचे चांदीचे संपर्कबिंदू चांगल्यापैकी प्रवाहासाठी बनवलेले असतात. कंट्रोलर म्हणून वापरल्या जाणाऱ्या आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून मात्र मिलिअँपिअरचाही अंश जेमतेम वाहतो. एवढ्याशा प्रवाहाने बिंदूंवर चढलेला गंजाचा पातळ थर फुटत नाही. स्विच दाबल्याचा टक् आवाज येतो, पण कंट्रोलरपर्यंत काहीच पोचत नाही. यावर उपाय तीन: सोन्याचा मुलामा दिलेले बिंदू, पूर्ण सीलबंद स्विच, किंवा १२ वा २४ व्होल्टचा पुरवठा देऊन ऑप्टोकपलरमार्फत सिग्नल घेणे.

इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सरला संपर्कबिंदूच नसतात आणि लाकडाचा भुसाही त्याला बाधत नाही. त्यामुळे किनाऱ्यासाठी तो उजवा. सहज मिळणाऱ्या एलजे१२ए३-४ मालिकेला ६ ते ३६ व्होल्ट लागतात, म्हणजे ५ व्होल्टवर तो चालवू नये. त्याचे ४ मिलिमीटर अंतर लोखंडासाठी आहे. ॲल्युमिनिअमसमोर ते बरेच कमी होते, म्हणून समोर लोखंडी पट्टी लावावी. ऑप्टिकल सेन्सर अचूक असतो, पण भुशात त्याचा निभाव लागणे कठीण.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जोडणीची. एनओ (नॉर्मली ओपन), म्हणजे दाबल्यावरच परिपथ जोडणाऱ्या, स्विचची तार तुटली किंवा बिंदू गंजले, तर कंट्रोलरला सगळे ठीकच दिसते आणि गँट्री, म्हणजे टूल वाहणारा सरकता सांगाडा, जाऊन आदळते. एनसी (नॉर्मली क्लोज्ड), म्हणजे दाबल्यावर परिपथ तोडणाऱ्या, स्विचमध्ये हाच बिघाड झाला की मशीन थांबते. वर सांगितलेल्या सेन्सरच्या नावाच्या शेवटी एएक्स असेल तर तो एनसी, बीएक्स असेल तर एनओ. दुकानात बहुधा बीएक्सच हाती पडतो, म्हणून नाव वाचूनच घ्यावा. तार शील्डेड असावी आणि स्पिंडलच्या तारेपासून लांबून न्यावी, नाहीतर कारण नसताना मशीन थांबत राहते.

बीएक्स सेन्सर आणि एनसीवर जोडलेला सीलबंद मायक्रोस्विच यांतून निवडायचे झाले, तर श्रीवर्धनच्या हवेत मायक्रोस्विचच घ्यावा.