‘सैराट’विषयीची संमिश्र प्रेक्षकमते : एक आकलन

प्रस्तावना :

एखाद्या चित्रपटास ‘संमिश्र प्रतिसाद’ मिळाला असे म्हटले की, काहींना तो आवडला व काहींना आवडला नाही, एवढाच अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. परंतु मतभेद नेमका कोणत्या जागी होतो हे पाहिल्यास चित्रपटाबरोबर प्रेक्षकाचीही ओळख पटते. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला आणि २९ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. तिकीटविक्रीत मराठी चित्रपटांचे पूर्वीचे सर्व उच्चांक त्याने मागे टाकले. तरीही त्याच्याविषयी एकमत झाले नाही. या मतभेदाची कारणे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथानकाची रचना :

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात घडणारी ही कथा गावातील सधन व सत्ताधारी पाटलांची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परशा यांची आहे. पूर्वार्धात विहीर, केळीची बाग, क्रिकेटचा सामना आणि अजय-अतुल यांचे संगीत यांतून लोकप्रिय प्रेमपटाचे वातावरण उभे राहते. ‘झिंगाट’ या गीताच्या वेळी प्रेक्षक चित्रपटगृहातच नाचू लागत. उत्तरार्धात हे दोघे पळून हैदराबादला जातात आणि चित्रपटाची चालच बदलते. झोपडपट्टीतील खोली, परकी भाषा, कारखान्यातील काम, डोशाची गाडी, संशय व भांडणे यांत बराच वेळ जातो. संसार मार्गी लागल्यावर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांची हत्या होते. रक्ताने माखलेली लहान पावले उमटवीत मूल घराबाहेर पडते, तेव्हा पडद्यावर कोणताही ध्वनी नसतो.

मतभेदांचे स्वरूप :

चित्रपटावरील आक्षेप ढोबळमानाने चार प्रकारचे होते. पहिला असा की, उत्तरार्ध रेंगाळतो. दुसरा असा की, शेवट असह्य आहे. तिसरा आक्षेप पालक व शिक्षक यांच्याकडून अधिक येई. शिकण्याच्या वयातील मुलामुलींचे प्रेम आकर्षक करून दाखविल्याने विद्यार्थी बिघडतात, असे त्यांचे म्हणणे होते. चौथा आक्षेप दोन विरुद्ध दिशांनी आला. एका समाजाचे चित्रण एकांगी आहे असे काहींना वाटले, तर ‘फँड्री’मधील धारदार जातिचिकित्सा येथे गाणी व करमणूक यांत बोथट झाली, असे इतरांना वाटले. याउलट आर्चीचे बुलेट व ट्रॅक्टर चालविणे, स्वतः निर्णय घेणे आणि पुढे स्वतः कमावणे हे मराठी नायिकेचे नवे रूप म्हणून अनेकांनी मनःपूर्वक स्वीकारले. रिंकू राजगुरू हिला याच भूमिकेसाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये विशेष उल्लेख मिळाला.

शेवटाचा प्रश्न :

प्रेमिकांचा मृत्यू भारतीय प्रेक्षकास नवा नाही. ‘एक दुजे के लिए’ (१९८१) आणि ‘कयामत से कयामत तक’ (१९८८) या दोन्ही चित्रपटांचा शेवट मृत्यूत होतो आणि दोन्ही अत्यंत लोकप्रिय ठरले. तेथे मृत्यू प्रेमाच्या ऐन भरात येतो, त्यामुळे तो उदात्त वाटतो. ‘सैराट’मध्ये प्रेम आणि मृत्यू यांच्यामध्ये संसार येतो. घरभाडे, मूल, स्वतःच्या घराचे स्वप्न आणि आईला केलेला फोन हे सारे पाहिल्यावर प्रेक्षकाच्या लेखी ते प्रेमिक न राहता एक साधे कुटुंब झालेले असते. म्हणजेच ज्या उत्तरार्धास ‘रेंगाळलेला’ म्हटले गेले, त्याच्यामुळेच शेवट असह्य होतो. पहिला व दुसरा आक्षेप वरवर वेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे.

या विधानाची कसोटी २०१८ मधील ‘धडक’ या हिंदी रूपांतरात मिळते. तेथे कथा उदयपूरला नेण्यात आली, जातीचा संदर्भ फिका झाला आणि शेवटी नायिका जिवंत राहिली. प्रसंग बरेचसे तेच असूनही मूळ चित्रपटाने उठविलेले वादळ त्याने उठविले नाही. यावरून मतभेदाचे केंद्र प्रेमकथेत नसून जातीच्या स्पष्ट उल्लेखात होते, असे म्हणता येईल.

अध्यापकाच्या दृष्टीने :

‘मुले बिघडतात’ हा आक्षेप अध्यापकवर्गाने अधिक बारकाईने तपासणे आवश्यक आहे. चित्रपटात वर्ग चालू असताना आर्चीचा भाऊ प्रिन्स शिकविणाऱ्या प्राध्यापकाच्या थोबाडीत मारतो. विद्यार्थी बिघडल्याचे याहून उघड उदाहरण चित्रपटात दुसरे नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांच्या बोलण्यात हा प्रसंग क्वचितच येतो. प्रेम करणारी मुले बिघडलेली आणि हात उगारणारा मुलगा मात्र घराण्याला साजेसा, ही समजूत चित्रपटाने निर्माण केलेली नाही. ती आधीपासून समाजात होती. चित्रपटामुळे ती बोलून दाखविली गेली.

वऱ्हाडच्या प्रेक्षकास ही कथा दूरची नाही. बडनेरा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन आहे. आसपासच्या गावांतील तरुण-तरुणी शिक्षणासाठी व रोजगारासाठी येथूनच मोठ्या शहरांची गाडी धरतात. परक्या शहरातील भाड्याच्या खोलीचा अनुभव अनेक घरांत आहे. दुसरे असे की, आंतरजातीय विवाहाचा वारसाही याच मातीत आहे. अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना करणारे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९२७ मध्ये विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला होता. विदर्भातील बहुजन समाजाच्या कित्येक पिढ्या ज्यांच्या कार्यामुळे शिकल्या, त्यांच्या चरित्रातील ही बाब भाषणांतून मोजक्या शब्दांत येते आणि पुढे चर्चेविना राहते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. विशेष विवाह कायदा १९५४ पासून अस्तित्वात आहे. ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सज्ञान व्यक्तींच्या विवाहात कुटुंबाची वा जातसमूहाची संमती आवश्यक नाही असे स्पष्ट केले आणि अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी शासनास निर्देश दिले. परंतु अडचणीत सापडलेला विद्यार्थी न्यायालयात जाण्यापूर्वी बहुधा एखाद्या विश्वासू शिक्षकाकडे येतो. त्या वेळी शिक्षक काय बोलतो, कोणाला कळवितो व कोणाला कळवीत नाही, यावर त्या विद्यार्थ्याची सुरक्षितता अवलंबून असते.

समारोप :

सारांश, ‘सैराट’विषयीची संमिश्र मते हे चित्रपटाच्या अपयशाचे लक्षण नव्हे. पूर्वार्धात आर्ची-परशाच्या बाजूने टाळ्या वाजविणारा प्रेक्षक उत्तरार्धात स्वतःच्या घराचा विचार करू लागतो आणि तेथे मते विभागली जातात. म्हणून वर्गात या चित्रपटाची चर्चा करताना ‘आवडला की नाही’ या प्रश्नापाशी थांबू नये. कोणाच्या वागण्याचा राग आला आणि कोणाचे वागणे स्वाभाविक वाटले, हे विद्यार्थ्यांना विचारावे. तो प्रश्न विचारण्यापूर्वी अध्यापकाने स्वतःचे उत्तर तपासलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे.